आबा, मी आणि सोळा जीबी रॅम

मी लग्नाचे अल्बम बनवते. फोटो मी काढत नाही, ते काढणारे वेगळे. चाळीसगाव, शिरपूर, पारोळा इथले सहा-सात फोटोग्राफर लग्न आटोपलं की मला पेनड्राइव्ह पाठवतात आणि धुळ्यात देवपूरच्या आमच्या घरी, आतल्या खोलीत बसून मी त्यातून चाळीस पानांचा अल्बम रचते. हळदीचं पान, वरातीचं पान, पंगतीचं पान. नवरीच्या मागे उभ्या असलेल्या मामाच्या हातातली पाण्याची बाटली मी पुसून टाकते. पंगतीत वरणात बट्टी कुस्करताना व्याह्यांचे डोळे मिटलेले आले असतील, तर उघड्या डोळ्यांचा दुसरा फोटो शोधून काढते. हे काम मला चांगलं येतं. फोटोग्राफर दुसरीकडे जात नाहीत, त्यावरून मला ते कळतं.

कॉम्प्युटर मात्र दहा वर्षांचा झाला होता. दोन वर्षांपासून तो रेंगाळायला लागला होता आणि त्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, त्याने हातपायच गाळले. एका पानावर पाच फोटो ठेवले की पडदा पांढुरका व्हायचा, माउसच्या जागी ते निळं कडं फिरत राहायचं. मी उठून भाजी चिरायची, कुकर लावायची आणि परत यायची, तरी कडं फिरतंच. एकदा तर चाळीसगावच्या एका लग्नाची अकरा पानं जतन करायच्या आतच सगळं बंद पडलं. मी ती अकरा पानं पुन्हा केली.

यजमानांची नोकरी नंदुरबारला, ते शनिवारी येतात. फोनवर म्हणाले, "दुकानात टाक ना. तू उगाच हात लावू नकोस."

दुकानात एकदा टाकून झालं होतं. स्कूटरच्या पायापाशी कॅबिनेट ठेवून, दोन्ही गुडघ्यांनी दाबून मी ते दुकानात नेलं होतं. नऊ दिवसांनी परत मिळालं तेव्हा आतलं सगळं पुसून कोरं केलेलं. दुकानदाराने विचारलं नाही, सांगितलं नाही. फोटो माझ्याकडे पेनड्राइव्हवर होते, पण रचलेली पानं गेली. मी भांडले, तर तो म्हणाला, "मॅडम, हे आता म्हातारं झालंय. नवीन घेऊन टाका." त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे हा डबा घराबाहेर जाणार नाही.

म्हणून मी आधी दुखणं शोधलं. तीन दुपारी व्हिडिओ पाहिले, काही हिंदीतले, काही मराठीतले. त्यात एकाने दाखवलं की अमुक बटणं दाबली की कॉम्प्युटर स्वतःच सांगतो त्याच्या अंगावर किती ओझं आहे. मी अल्बमची पाच पानं उघडली आणि ती बटणं दाबली. बाकी सगळं ठीक होतं. प्रोसेसर आरामात होता, डिस्कमध्ये भरपूर जागा होती. फक्त मेमरीची पट्टी वरपर्यंत भरलेली. माझ्याकडे चार जीबीची एकच रॅम होती आणि तेवढ्यात मी लग्नाचं वऱ्हाड बसवू पाहत होते.

मला ते लगेच समजलं. घरात धान्याची कोठी कितीही मोठी असली, तरी ओटा दोन हातांचा असेल तर एका वेळी किती पोळ्या लाटणार? डिस्क म्हणजे कोठी, रॅम म्हणजे ओटा. मला कोठी नको होती. ओटा लांब हवा होता.

मी जळगावच्या एका दुकानात फोन लावला. तिथे मोठा माल असतो, कॉम्प्युटरही मूळ तिथूनच आला होता. दुकानदाराने विचारलं, "कुठली रॅम पाहिजे?" मी अगदी ठसक्यात सांगितलं, "डेस्कटॉपची, आठ जीबी. जी नवीन असेल ती द्या." तीन दिवसांनी कुरियरने पुडकं आलं. पुडक्यात चॉकलेटएवढ्या खोक्यात हिरवी पट्टी, एका कडेला सोनेरी दातांची रांग.

दुपारचे दोन वाजले होते. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी कॅबिनेट टेबलावरून उचलून फरशीवर जाड सतरंजीवर आडवं ठेवलं आणि मागचे स्क्रू काढायला बसले. तिसरा स्क्रू हातातून निसटला आणि फरशीवर टणटण करत पलंगाखाली गेला.

दाराबाहेरून आवाज आला, "स्क्रू पडना."

ते माझे सासरे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, सगळी नोकरी गाड्यांखाली झाली. आता पंच्याहत्तरी ओलांडलेली. कान तिखट, नजर बरी, पण दोन्ही हातांना कंप. चहाचा कप ते दोन हातांनी धरतात. मी त्यांना अर्धाच कप भरून देते आणि नंतर पुन्हा अर्धा. यावर आम्ही कधी काही बोललो नाही.

खरं तर आम्ही कशावरच फार बोललो नव्हतो. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. सासूबाई होत्या तोवर आबांचा निरोप माझ्यापर्यंत आणि माझा त्यांच्यापर्यंत सासूबाईच पोहोचवायच्या. त्या गेल्यावर आमच्यात उरली ती दोन-चार वाक्यं. "आबा, पान वाढलंय." "औषध घेतलं का?" आणि त्यांचा हुंकार. माझ्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशीही ते बाहेरच उभे होते, पण मान आत काढून.

"काय करी राह्यनी?" त्यांनी विचारलं. घरात ते अहिराणीच बोलतात. मी अमळनेरची असले तरी आमच्या घरी शाळामास्तरांची मराठी, त्यामुळे मला ती समजते, बोलता मात्र धड येत नाही.

"मेमरी वाढवतेय आबा. कॉम्प्युटरची."

"वायर काढी का भितीमधली?"

मी पाहिलं. बटण बंद केलं होतं, पण पिन भिंतीत तशीच होती.

"पहिले ती काढ," आबा म्हणाले. "गाडीखाली जावानं तं पहिले बॅटरीनी तार सोडानी. मंग बाकी बठ्ठं."

बठ्ठं म्हणजे सगळं. मी पिन काढली. व्हिडिओतल्या माणसानेही तेच सांगितलं होतं आणि मी ते विसरले होते. त्याने सांगितलेली पुढची गोष्ट मात्र मला आठवत होती. पिन काढल्यावर चालू करायचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. मी तसं केलं, हातातल्या बांगड्या उतरवून ठेवल्या आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावला. आबांनी विचारलं, हे कशाला? मी म्हणाले, "अंगातली वीज उतरते. नाहीतर रॅमला झटका बसतो." त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं.

मी बाहेरून त्यांची खुर्ची आणून खोलीत ठेवली. ते आले आणि बसले. इतकं सहज झालं की त्या वेळी मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही.

"स्क्रू वाटीमा ठेव," ते म्हणाले. "आनि जसा निंघना तसा रांगमा."

मी स्वयंपाकघरातून मसाल्याच्या डब्यातल्या रिकाम्या वाट्या आणल्या. झाकण सरकवलं. आत दहा वर्षांची धूळ, राखाडी, गोधडीतल्या कापसासारखी. पंख्याच्या पात्यांवर तर थरच. आबा पुढे वाकले आणि म्हणाले, "एवढी माती! तरीबी चाली राह्यनं?" माझ्या कॉम्प्युटरचं कौतुक त्या घरात पहिल्यांदाच कोणी करत होतं.

मग त्यांनी विचारलं की नक्की दुखणं काय आहे. मी त्यांना ओट्याची आणि कोठीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे डेपोमा दोन पिट शेतस आनि गाड्या बारा उभ्या. मेकॅनिक चांगला शे, सामान शे, पन गाडी लावाले जागाच नही."

पिट म्हणजे गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, एवढं मला माहीत होतं. "हो. अगदी तसंच."

"मंग पिट वाढाड."

मी रंगाचा एक जुना ब्रश घेऊन धूळ झाडली. रॅमची जागा सापडली. दोन लांबट खाचा, एकीत जुनी पट्टी उभी, दुसरी रिकामी. दोन्ही टोकांना पांढऱ्या प्लास्टिकच्या खिट्ट्या. मी रिकाम्या खाचेच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या, नवी पट्टी उभी धरली आणि दाबली. बसेना. उलटी करून पाहिली. तशीही बसेना. पट्टीच्या दातांमध्ये एक खाच असते आणि खालच्या जागेत तिच्यासाठी एक उंचवटा. ते दोन्ही जुळायला पाहिजेत. माझे केसभर चुकत होते. मला वाटलं, नवीन आहे, घट्ट असेल. मी दोन्ही अंगठे टेकवले आणि अंग पुढे झोकलं.

"थांब."

आबांचा आवाज वर्कशॉपचा होता. मी थांबले.

"जोर नको लावू. बसत नही तं ते तेन्हं नही."

तेन्हं म्हणजे त्याचं, त्या जागेचं. मी पट्टी बाहेर काढली. मग जुनीही काढली आणि दोन्ही शेजारी धरून पाहिल्या. जुनीची खाच एका जागी, नवीची थोडी सरकलेली. जुनीवरच्या कागदावर बारीक अक्षरात डीडीआर थ्री लिहिलं होतं, नवीवर डीडीआर फोर. चूक दुकानदाराची नव्हती. माझीच होती. 'जी नवीन असेल ती द्या' असं मीच सांगितलं होतं.

मला राग आला, तोही स्वतःचा. आबांना मात्र काहीच वाटलं नाही. "बेअरिंग आनाले धाडं तं कोनी बी कोनतं बी आनस," ते म्हणाले. "जुना भाग संगे लेवाना. दुकानमा तोंडी सांगानं नही, दाखाडानं."

"म्हणजे मला जळगावला जावं लागणार."

"जाऊत," ते म्हणाले.

त्यांनी जाऊत म्हटलं होतं, आपण जाऊ असं. मी त्यांच्याकडे पाहिलं. हात थरथरायला लागल्यापासून ते गल्लीच्या टोकाच्या पलीकडे गेले नव्हते. बसमध्ये चढताना दांडी धरता येत नाही म्हणून, की कोणी जुना सोबती भेटेल आणि हात पाहील म्हणून, ते मला ठाऊक नाही. मी ते विचारलंही नाही. "सकाळी सातची गाडी धरू, उन्हाच्या आत पोचू," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. चढताना मी त्यांच्या मागे उभी राहिले, हात न लावता, पण लावता येईल इतकी जवळ. ते चढले. खिडकीपाशी बसले. गाडी शहराबाहेर पडली, तसे ते डोळे मिटून बसले आणि मला वाटलं झोप लागली. पारोळ्याच्या अलीकडे डोळे न उघडताच म्हणाले, "हाई गाडीना क्लच गया. एरंडोलपावत दम धरी." एरंडोलच्या स्टँडवर ड्रायव्हर उतरून कंट्रोलरशी क्लचबद्दलच हुज्जत घालायला लागला, तेव्हा मी हसले आणि आबाही हसले. गाडी मात्र जळगावपर्यंत पोचली.

दुकान स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. काउंटरवर तिशीतला दुकानदार. मी पिशवीतून दोन्ही पट्ट्या काढून काचेवर ठेवल्या आणि फोनवर काय झालं ते सांगितलं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि आबांना विचारलं, "बाबा, मशीन कोणतं आहे तुमचं? मदरबोर्ड कोणता?"

आबा म्हणाले, "माले काय इचारस? तिले इचार. कारागीर ती शे."

त्यांनी ते शांतपणे म्हटलं, वर्कशॉपमध्ये एखाद्या ड्रायव्हरला दुसऱ्या पिटवरचा मेकॅनिक दाखवावा तसं. दुकानदार माझ्याकडे वळला. मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. बोर्डाचा नंबर मी वहीत उतरवून आणला होता. त्यात दोन खाचा आहेत, एकीत जास्तीत जास्त आठ जीबी चालते, म्हणजे मिळून सोळा. मला एकाच जातीच्या, एकाच वेगाच्या आठ-आठच्या दोन पट्ट्या हव्या आहेत, जुनी चारची काढून ठेवणार आहे. जुन्या पट्टीवरचा वेगाचा आकडा त्याला बोट ठेवून दाखवला.

"खोललेला माल आम्ही परत घेत नाही, ताई," तो म्हणाला.

"खोललाय, पण लावलेला नाही. दात बघा. एक ओरखडा आहे का?"

त्याने भिंग घेतलं आणि बघितलं. खरंच नव्हता. आदल्या दिवशी आबांनी थांबवलं नसतं, तर असता. तो आत गेला आणि बऱ्याच वेळाने डीडीआर थ्रीच्या दोन पट्ट्या घेऊन आला. "ही आता कोणी मागत नाही, शोधावी लागली," म्हणाला. त्याच्या टेबलावरच्या एका उघड्या मशीनमध्ये दोन्ही लावून, चालू करून दाखवायला मी सांगितलं. त्याने दाखवलं. फोर परत घेतली. वरचा फरक मी दिला आणि आम्ही बाहेर पडलो. आबांना उसाचा रस हवा होता. मी दोन ग्लास सांगितले आणि त्यांच्यासाठी तिसरा रिकामा मागून घेतला, म्हणजे अर्धा-अर्धा करता येईल. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "तुन्हं ध्यान बारीक शे." त्या अर्ध्या कपांवर त्यांनी काढलेला तो पहिला शब्द होता.

घरी पोचायला दोन वाजले. मी म्हणाले उद्या करू, तुम्ही दमलात. ते म्हणाले, मी खुर्चीवर बसून दमत नाही. मग जेवून, पुन्हा सतरंजी, पुन्हा वाट्या, पुन्हा पिन भिंतीतून बाहेर. या वेळी पहिली पट्टी खाचेशी बरोबर जुळली. मी ती हलक्या हाताने बसवली, दुसरीही बसवली, झाकण न लावताच पिन जोडली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. आणि कॅबिनेटच्या आतून एक लांब, रडवा आवाज सुरू झाला. टूं... टूं... टूं. थांबेचना.

चाळीसगावचा अल्बम चार दिवसांत द्यायचा होता. यजमानांचं 'हात लावू नकोस' कानात वाजायला लागलं. मी झटकन पिन ओढली आणि आवाज बंद झाला.

"काब्र बंद करं?" आबा म्हणाले. "ती सांगी राह्यनी व्हती ना काय दुखस ते. गाडी आवाज करस तवय ऐकी लेवानं."

"आबा, जळालं असेल तर?"

"जळेल वास येस. येस का?"

मी वाकून वास घेतला. धुळीचा होता, जळका नव्हता.

"घाबरू नको. एक पाय मांगे ये. काल चालेल व्हतं ना? कालनं तसं कर."

मी नव्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि जुनी चारची तिच्या जागी लावली. बटण दाबलं. पडदा उजळला. म्हणजे मशीन जिवंत होतं. मला हायसं वाटलं. मग माझं डोकं नीट चालायला लागलं. मशीन ठीक, पट्ट्या दुकानात चाललेल्या, मग चूक बसवण्यात. पुन्हा बंद केलं, पिन काढली. या वेळी एकच नवी पट्टी घेतली. तिचे दात आधी खोडरबराने हलकेच घासले, मऊ कपड्याने पुसले. खाचेत ब्रश फिरवला, तर रिकाम्या खाचेतून धुळीची वातच निघाली. पट्टी जुळवली आणि ठेवली. दिसायला बसल्यासारखीच दिसत होती, पण एका टोकाची खिट्टी पूर्ण उभी नव्हती. नखाएवढी तिरकी.

"आबा, मी दाबलंच नाही पुरतं. तुम्ही जोर नको म्हणालात म्हणून."

"ते काल. काल ते तेन्हं नव्हतं," ते म्हणाले. "आज जागावर शे ना? मंग दाब. पुरं बसाड." मग ते म्हणाले, "तो कूलर बंद कर. आवाज आयकू दे."

कूलर बंद केला. एप्रिलची दुपार, खोली भट्टीसारखी झाली. मी पट्टीच्या दोन टोकांवर दोन अंगठे ठेवले आणि सरळ खाली दाबले, पुरीचं यंत्र दाबतात तसे, एकसारखे. थोडं दाबलं, काही नाही. आणखी दाबलं. बोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटला, मी थांबले.

"दाब," आबा म्हणाले.

कट. एक खिट्टी उभी राहिली.

"एक," ते म्हणाले. "दुसरी बाकी शे."

कट.

दुसरी पट्टी बसवताना मला त्यांच्याकडे बघावंच लागलं नाही. अंगठ्यांना जोर किती लागतो ते कळलं होतं. पिन जोडली आणि बटण दाबलं. एक छोटीशी टूक आणि पडदा उजळला. ती माहितीची खिडकी उघडली. तिथे चार होतं, आता सोळा. मी आबांना म्हणाले, "सोळा." ते म्हणाले, "पिट?" मी म्हणाले, "हो." मी चाळीसगावच्या लग्नाचा अल्बम उघडला. चाळीसच्या चाळीस पानं एकापाठोपाठ एक उलगडत गेली. निळं कडं क्षणभर दिसलं आणि गेलं. आबांनी अल्बम पहिल्यांदाच पाहिला. हळदीच्या पानावर थांबायला सांगितलं आणि विचारलं, "हाई बठ्ठं तू करेल शे?" मी म्हणाले, हो. मग त्यांनी सगळी पानं पाहिली, व्याह्यांच्या पंगतीसकट, आणि कूलर चालू करायला सांगितला.

शनिवारी यजमान आले. मी त्यांना काही सांगितलं नाही, फक्त त्यांच्या देखत एका वेळी वीस पानं उघडली. ते म्हणाले, "दुकानात दिला शेवटी?" आबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले की दुकान घरातच आहे.

त्यानंतर मी थांबले नाही. पुढच्या महिन्यात जुनी फिरती डिस्क काढून नवी बिनआवाजाची एसएसडी लावली, तीही आबांच्या खुर्चीसमोर. गल्लीतल्या एका शिक्षिकेच्या मशीनची रॅम बदलली, शेजारच्या एका क्लासच्या मशीनमधली धूळ काढली. लोक विचारायचे, कोर्स कुठे केला? मी म्हणायचे, घरीच.

दिवाळीच्या सुट्टीआधी अमळनेरहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ती तिथल्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. शाळेच्या संगणक खोलीत आठ मशीन होती, पाच जेमतेम चालत होती आणि तीन मेलेली. अनुदान येईल तेव्हा येईल, तू येऊन बघतेस का? मी आबांना विचारलं. ते पायात चपला घालूनच बसले.

आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. संगणक खोलीत बाकांवर आठही कॅबिनेट उघडी करून ठेवली. या वेळी मी आधी एकेक पट्टी तपासली, कोणाला थ्री लागते, कोणाला फोर, आणि खडूने प्रत्येकाच्या पत्र्यावर लिहिलं. चालत्या मशीनमध्ये लावून पाहिल्यावर लक्षात आलं की मेलेल्यांच्या पोटातल्या रॅम चांगल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक जिवंत मशीनना बसतात. म्हणजे बाहेरून काही आणायलाच नको. मी एकेक काढत गेले, खोडरबराने घासत गेले, लावत गेले. शाळेतल्या दोन शिक्षिका जवळ उभ्या राहून बघत होत्या. तिसऱ्या मशीनला मी त्यांच्यापैकी एकीला अंगठे ठेवायला सांगितले. ती घाबरत होती. मी म्हणाले, जुळलंय, आता पुरं दाबा. खिट्टी वाजली तशी ती दचकली आणि मग हसली. पुढची दोन तिनेच केली.

आबा दाराजवळच्या बाकावर बसून होते. मधल्या सुट्टीत शाळेचे शिपाई त्यांच्याजवळ येऊन बसले. ते पूर्वी एसटीत क्लीनर होते असं निघालं. मग दोघांचं अहिराणीत जे सुरू झालं ते दुपार टळेपर्यंत संपलं नाही. आबांच्या हातात चहाचा भरलेला कप होता, थोडा बशीत सांडत होता, आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

मेलेल्या तिघांपैकी दोन मशीन पट्ट्या अदलाबदल करून, धूळ काढून चालू झाली. आठवं मात्र काही केल्या उठेना. मी पट्टी बदलली, खाच बदलली, एकेक करून लावून पाहिली, दुसऱ्या मशीनचा वीजपुरवठ्याचा डबा जोडून पाहिला. पंखाही फिरला नाही. आवाजही नाही. बहिणीने विचारलं, "दुकानात न्यायचं का?"

"नको," मी म्हणाले. "याचा बोर्ड गेलाय. यातलं चांगलं सामान काढून ठेवते, बाकीच्यांना लागेल तेव्हा वापरा."

"नक्की?"

"नक्की."

तिने रजिस्टरमध्ये तसं लिहून घेतलं. मी उरलेली रॅम आणि त्या मशीनमधली डिस्क काढून कागदात गुंडाळली, वर डीडीआर थ्री असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कपाटात ठेवली. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मी नळावर गेले, साबण मागितला आणि आबांना हाक मारून सांगितलं की पाच मिनिटांत निघू, चारची गाडी मिळेल.